रानमोकळे घोडे व त्यांचीं छायाचित्रें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं यूटा या संस्थानाच्या पश्चिम अंगाला ओनाकी नांवाची डोंगरांची रांग आहे. तिच्या पायथ्याचें मैदान उन्हाळ्यांत अगदीं करपून जातें. खुरट्या झुडपांखेरीज दृष्टीला दुसरें कांहीं पडत नाहीं. १८६० व १८६१ या सालीं घोडेस्वारांच्या हातून टपाल नेण्याचा जो प्रसिद्ध उद्योग तिकडे चालला, त्याची वाट याच मैदानांतून गेली होती. स्वार गेले, टपाल गेलें. घोडे मात्र तेथें अद्याप आहेत, आणि त्यांच्यावर कोणाहि एका गृहस्थाची मालकी नाहीं.

तांबडें फुटण्याच्या सुमारास तेथील एखाद्या पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर दोनचार माणसें निमूटपणें बसलेलीं आढळतात. पुढें तिकाटण्यावर कॅमेरा, त्याला हातभर लांबीचें दूरदर्शी भिंग, डोक्यावर टोपी आणि जवळ पिण्याचें पाणी, एवढाच त्यांचा सरंजाम. घोडे केव्हां येतील याचा नेम नसतो. कधीं तासाभरांत येतात; कधीं दिवस उलटून जातो. आले म्हणजे बहुधा एका रांगेनें येतात. पुढें एखादी जाणती घोडी असते. ती थबकते, कान टवकारते, वाऱ्याचा वास घेते, आणि मगच पाऊल टाकते. तिच्यामागें दुसऱ्या घोड्या, त्यांच्या अंगाशीं लगटून चालणारीं शिंगरें, आणि सर्वांच्या पाठीशीं त्या कुटुंबाचा धनी, म्हणजे वळू घोडा. एखादी घोडी रेंगाळली तर तो मान जमिनीलगत आणून, कान मागें पाडून, सापासारखा वळवळत तिला पुढें हांकतो. ही मुद्रा एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. म्हणूनच प्रत्येक छायाचित्रकाराच्या संग्रहांत तिचें एक तरी चित्र असतेंच.

हे घोडे अंगानें फार मोठे नसतात. चौदा इंग्रजी ‘हँड’ मापांच्या आसपास उंची, आंखूड पाठ, टणक खूर आणि मिळेल त्या चाऱ्यावर तग धरणारा कोठा. भीमथडीच्या तट्टांची कीर्ति ज्यांनीं ऐकली असेल, त्यांना या वर्णनांत नवल वाटावयाचें नाहीं. रंग मात्र नाना तऱ्हेचे. कुमेद, मुश्की, समंद, सब्जा, अबलख, पंचकल्याणी, असे जे शब्द आपल्या जुन्या बखरींत व पागांच्या यादींत पडून राहिले, त्यांतील बहुतेकांना एकाच कळपांत उदाहरण सांपडावें. मोंटाना व वायोमिंग यांच्या सीमेवरील प्रायर पर्वतांतील घोड्यांपैकीं कित्येकांच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद रेघ असते, आणि पायांवर झेब्र्यासारखे पट्टे उमटलेले दिसतात. हीं अतिप्राचीन घोड्यांचीं लक्षणें मानतात. त्यांच्या रक्ताची जी तपासणी झाली तींत जुन्या स्पॅनिश घोड्यांशीं नातें आढळून आलें.

स्पॅनिश घोड्यांचा संबंध येण्याचें कारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घोड्याच्या जातीचा उगम उत्तर अमेरिकेंतच झाला. तेथून ती आशिया व युरोप खंडांत पसरली. आणि सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं तिच्या मूळ घरींच ती नामशेष झाली. पुढें १४९३ सालीं कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत घोडे नेले, आणि १५१९ सालीं कोर्तेझ सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. त्यांची प्रजा वाढली, कांहीं सुटली, कांहीं तेथील मूळच्या लोकांच्या हातीं गेली. त्यांत मागाहून वसाहतवाल्यांचे, लष्कराचे व शेतकऱ्यांचे सोडून दिलेले घोडे मिसळले. भटकें, बेवारशी जनावर या अर्थाच्या एका स्पॅनिश शब्दावरूनच ‘मस्टँग’ हें नांव निघालें. हे घोडे परके कीं घरचे, हा वाद आजहि चालू आहे, आणि तो केवळ पंडितांचा नाहीं. ‘परके’ म्हटलें कीं हुसकून लावावयास मोकळीक मिळते. ‘घरचे’ म्हटलें कीं राखावें लागतें.

आतां छायाचित्रणाकडे वळूं. लांबून पाहणाऱ्याला हें काम सोपें वाटतें: उघडें मैदान, भरपूर प्रकाश, मोठें जनावर. परंतु नवख्या माणसाचीं पहिलीं चित्रें पाहिलीं तर त्यांत पळणाऱ्या घोड्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात! घोड्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला कीं घोडा जातो. शंभर फुटांच्या आंत जाऊं नये असें सरकारी खात्याचें सांगणें आहे. अनुभवी माणूस त्याहूनहि दूर राहतो, सरळ त्यांच्या रोखानें चालत नाहीं, आणि घोड्यानें मान वर केली कीं जागच्या जागीं थांबतो. उलट, हातांत चारा घेऊन घोड्यांना बोलावणारा माणूस त्यांचा वैरीच समजावा. माणसाला सरावलेला घोडा रस्त्यावर येतो आणि मोटारीखालीं सांपडतो, किंवा कोणाला तरी चावतो व मग बदनाम होतो.

वळूंच्या झुंजीचीं चित्रें लोकांना फार आवडतात. मागल्या पायांवर उभे राहिलेले दोन घोडे, उडणारी धूळ, विस्कटलेली आयाळ, हें दृश्य भव्य असतें यांत शंका नाहीं. पण त्यावरून घोड्याचें आयुष्य म्हणजे अखंड युद्ध, अशी जी समजूत होते ती खोटी. बहुतेक तंटे नुसत्या शिष्टाचारानें मिटतात. दोन वळू समोरासमोर येतात, एकमेकांच्या नाकपुड्या हुंगतात, एखादा किंचाळतो, पुढचा पाय आपटतो. मग दोघेहि जवळच्या लिदेच्या ढिगापाशीं जाऊन तो हुंगतात, त्यावर आपापली भर घालतात, आणि जणूं सहीशिक्का झाला अशा थाटांत परत फिरतात. या विधीचें चित्र कोणी भिंतीवर लावीत नाहीं. तथापि जे वर्षानुवर्षें एकाच कळपामागें असतात, ते हेंहि टिपून ठेवतात. कोणती घोडी कोणाच्या कुटुंबांत गेली, कोणतें शिंगरूं कोणाचें, कोणता तरणा घोडा बापानें हांकलल्यावर इतर सड्या घोड्यांच्या टोळींत सामील झाला, हें सर्व कपाळावरील चांदणी, पायांतील पांढरा व अंगावरील ठिपके यांवरून ओळखून त्यांनीं नोंदलेलें असतें. गांवच्या कुळकर्ण्यालाहि आपल्या गांवाची इतकी माहिती नसेल.

या घोड्यांच्या इतिहासांत छायाचित्रानें जें एक मोठें काम केलें तें १९५० नंतरचें आहे. त्यापूर्वींच्या अर्धशतकांत त्यांची स्थिति फार वाईट होती. १९३४ सालीं सार्वजनिक कुरणांच्या व्यवस्थेचा कायदा झाला. कुरणें गुरांमेंढ्यांसाठीं वांटून देण्यांत आलीं आणि रानचे घोडे हे फुकट चरणारे ठरले. त्यांना हजारोंनीं पकडून कोंबड्यांच्या व कुत्र्यांच्या खाद्यासाठीं विकण्यांत येई. पकडण्याची रीत अशी: विमान अगदीं खालून उडवून, वरून बंदुकीचे बार काढीत, घोड्यांना डोंगरांतून मोकळ्या मैदानांत रेटावयाचें, तेथें मालमोटार त्यांच्या मागें लावावयाची, मोटारींतून फांस टाकावयाचा, आणि फांसाच्या दुसऱ्या टोकाला मोटारीचें जड चाक बांधलेलें असावयाचें. घोडा तें चाक ओढीत धांवतो, धांवतो, आणि शेवटीं कोसळतो.

१९५० सालीं नेवाडा संस्थानांतील रीनो शहरीं एका कचेरींत चिटणिसाचें काम करणारी वेल्मा जॉन्स्टन ही बाई सकाळीं कामावर जात असतां तिला पुढील मालमोटारींतून रक्त ठिबकतांना दिसलें. ती त्या मोटारीच्या मागोमाग गेली, आणि आंत दाटीवाटीनें कोंबलेले जखमी घोडे व त्यांच्या पायांखालीं चिरडलेलें शिंगरूं तिनें पाहिलें. लहानपणीं झालेल्या लकव्याच्या आजारानें तिचें शरीर अधू झालें होतें व चेहऱ्यालाहि व्यंग आलें होतें. लोकांसमोर उभें राहण्याची तिला मूळची हौस नव्हती. तरी ती उभी राहिली. विरोधकांनीं कुचेष्टेनें तिला ‘रानघोड्यांची ॲनी’ म्हणावयास सुरुवात केली; तेंच नांव तिनें बिरुदासारखें धारण केलें.

तिच्या म्हणण्याला पुरावा काय, असा प्रश्न येणारच होता. तो पुरावा गस बंडी नांवाच्या नेवाड्यांतील छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यांत होता. १९५१ सालीं त्यानें अशा एका धरपकडीचीं चित्रें घेतलीं होतीं: विमान, धूळ, मोटार, फांस, आणि जमिनीवर जखडून पडलेला घोडा. तीं चित्रें पाहिल्यावर वादाला जागा उरली नाहीं. शाळांतील मुलांनीं प्रतिनिधींना पत्रें धाडलीं. तीं इतकीं आलीं कीं त्या चळवळीला ‘पेन्सिलींचें युद्ध’ असें नांव पडलें. ८ सप्टेंबर १९५९ रोजीं सार्वजनिक जमिनीवर विमानानें व मोटारीनें रानघोडे पकडण्यास आणि त्यांचे पाणवठे विषारी करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. दोनच वर्षांनीं, १९६१ सालीं, क्लार्क गेबल व मेरिलिन मन्रो यांचा ‘द मिसफिट्स’ हा बोलपट निघाला. त्याचा विषयहि हीच धरपकड. पण त्याच्या आधीं काम झालें होतें तें कांहीं स्थिर, निःशब्द चित्रांनीं.

बंदी झाली तरी घोड्यांना हक्काची जागा मिळाली नव्हती. प्रायर पर्वतांतील घोडे हलविण्याचा बेत निघाला तेव्हां तेथील रहिवाशांनीं गलका केला. होप रायडन या बाईनें त्यावर दूरचित्रवाणीसाठीं वृत्त तयार केलें. आणि सप्टेंबर १९६८ मध्यें तो प्रदेश घोड्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला. पुढें १५ डिसेंबर १९७१ रोजीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं रानघोडे व रानगाढवें यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. दोन्ही सभागृहांत त्याच्या विरुद्ध एकहि मत पडलें नाहीं. त्या वेळीं त्यांची संख्या सुमारें पंचवीस हजार असावी असा अंदाज होता. वेल्मा जॉन्स्टन १९७७ सालीं वारली. म्हणजे कायद्याचें यश व त्यांतील अडचणी, दोन्ही तिनें पाहिल्या.

त्या अडचणी साध्या नाहींत. येथें घोड्यांच्या मित्रांनींहि डोळे उघडे ठेवले पाहिजेत. पोसणारी भूमि रुक्ष, लांडगे पुष्कळ ठिकाणीं नाहींसे झालेले, आणि मारण्यास मनाई. अशा स्थितींत कळप दरसाल शेंकडा १५ ते २० या प्रमाणांत वाढतो, म्हणजे चार-पांच वर्षांत दुप्पट होतो. भूमि-व्यवस्थापन खात्यानें आपल्या ताब्यांतील कुरणांना झेपेल अशी घोड्यांची व गाढवांची मर्यादा सुमारें २५,५०० ठरविली आहे. २०२० सालीं प्रत्यक्ष संख्या ९५ हजारांवर गेल्याचा खात्याचा अंदाज होता. मोठ्या प्रमाणावर धरपकड झाल्यावर २०२५ सालीं ती सुमारें ७३ हजारांवर आली. जास्त खुरांखालीं ओढे तुडविले जातात, गवताचीं मुळें उघडीं पडतात, रानांतील दुसऱ्या पक्ष्यांचा व पशूंचा निवारा जातो, ही तक्रार खोटी नाहीं. दुष्काळाच्या वर्षीं हाडें वर आलेले घोडे आटलेल्या पाणवठ्याशीं उभे असतात, त्याचेंहि छायाचित्र घेतां येतें. आणि कांहीं प्रामाणिक माणसांनीं तें घेतलें आहे.

घोड्यांच्या पक्षाचें उत्तरहि ऐकण्यासारखें आहे. ज्या खात्याच्या हातीं साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, तें त्यांपैकीं साडेपंधरा कोटी एकर खाजगी गुरांमेंढ्यांच्या चराईला देतें. घोड्यांच्या वांट्याला मात्र पावणेतीन कोटींच्या आसपासच एकर आले आहेत, आणि त्यांतहि गुरें चरतात. गाय-वांसराच्या जोडीला महिनाभर चरण्याचा दर २०२५ सालीं १ डॉलर ३५ सेंट होता. तेव्हां कुरण खराब झालें त्याचें सर्व माप घोड्याच्याच पदरीं कां घालावें, असा त्यांचा सवाल. हा हिशेब गायरानाच्या भांडणांत आयुष्य घालविलेल्या कोणत्याहि खेडुताला चटकन् समजेल.

खात्याचा मुख्य उपाय म्हणजे घोडे पकडून बाहेर नेणें. १९५९ सालीं विमानाला बंदी झाली खरी; पण १९७६ सालीं सरकारी कामापुरती हेलिकॉप्टरला परवानगी देण्यांत आली. हेलिकॉप्टर कळपाला मैलोगणती हांकीत आणतें. शेवटीं गोणपाटाचे दोन लांबच लांब पडदे नरसाळ्यासारखे उभे केलेले असतात. त्यांच्या तोंडाशीं एक शिकविलेला घोडा सोडून देतात. तो सवयीनें कोंडवाड्याकडे पळतो, आणि भांबावलेले घोडे त्याच्या मागून आंत शिरतात. त्या घोड्याला तिकडे ‘जूडास’ म्हणतात. नांव ठेवणारा मार्मिक असला पाहिजे.

अशा प्रसंगीं पाहणाऱ्यांना कोठें उभें करावें यावरूनहि झगडा झाला. २०१० सालीं नेवाड्यांतील एका धरपकडींत आपणांस नीट दिसूं दिलें जात नाहीं, म्हणून एका स्त्री-छायाचित्रकारानें सरकारावर दावा लावला. २०१२ सालीं अपील-न्यायालयानें म्हटलें कीं, हा वृत्तस्वातंत्र्याचा प्रश्न आहे व खालच्या न्यायालयानें तो त्या दृष्टीनें काटेकोर तपासला पाहिजे. फेरतपासणींत निकाल तिच्या विरुद्ध गेला. तरी सार्वजनिक जमिनीवर सरकार जें करतें तें डोळ्यांनीं पाहण्याचा व चित्रांत धरण्याचा प्रश्न वरिष्ठ न्यायासनापर्यंत पोंचला, ही लहान गोष्ट नव्हे.

पकडलेल्यांचें पुढें काय होतें? मानेच्या डाव्या बाजूस थंड लोखंडानें खुणेची मुद्रा उमटवितात. कांहींना कोणी तरी दत्तक घेतात. बाकीचे सरकारी कोंडवाड्यांत, नाहीं तर भाड्यानें घेतलेल्या दूरच्या कुरणांत मरेपर्यंत राहतात. या अफाट पांजरपोळांत अलीकडे साठ हजारांहून अधिक जनावरें होतीं, आणि त्यांच्या पोषणाला वर्षाला दहा कोटी डॉलरांवर खर्च येतो. २०२२ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील एका कोंडवाड्यांत घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची सांथ येऊन सुमारें १४५ घोडे मेले. दत्तक घेणाऱ्यास हजार डॉलर देण्याची योजना २०१९ मध्यें निघाली, तेव्हां पैसे पदरीं पडल्यावर कित्येक घोडे कसायांच्या बाजारीं गेल्याचें १९५१ च्या चित्रांइतकेंच लाजिरवाणें वर्तमान २०२१ सालीं वृत्तपत्रांत आलें. २०२५ सालीं न्यायालयानें ती योजना रद्द केली. निरोगी घोडे मारूं नयेत ही तरतूद कायमच्या कायद्यांत बसविलेली नाहीं. ती दरसालच्या खर्चाच्या मंजुरींत पुनःपुन्हा घालावी लागते. छायाचित्रकारांच्या मनांतील धास्ती मुख्यतः याच गोष्टीची आहे.

दुसरा एक मार्ग आहे, आणि त्यांत छायाचित्राचा उपयोग पूर्वींहून निराळा होतो. घोडीला गर्भ राहूं नये अशी एक लस आहे. ती बंदुकीनें लहान बाण मारून देतात. अटलांटिक किनाऱ्यावरील ॲसाटीग बेटावर तिचा प्रयोग १९८८ पासून सुरू झाला व तो उत्तम ठरला. परंतु लस दरवर्षीं त्याच घोडीला द्यावी लागते. कोणती घोडी, कोणत्या डोंगराआड, गेल्या वर्षीं लस दिली होती कीं नाहीं, हें सांगणार कोण? ज्यानें प्रत्येकीचें चित्र काढून नांव लिहून ठेवलें आहे तोच. म्हणून कोलोरॅडोंत, वायोमिंगमध्यें व नेवाड्याच्या कांहीं भागांत स्वयंसेवकांच्या चित्रसंग्रहावर हें काम चालतें. कॅमेरा घेऊन आलेला माणूस अखेर हातांत बाणांची बंदूक घेतो, हें पहिल्यानें त्यालाच जड जातें. वसंतांत शिंगरें पाहण्यासाठीं जो इतका आतुर, त्यानेंच तीं कमी व्हावींत म्हणून खपावयाचें! पण धरपकड टळावी तर कळप आवरला पाहिजे, हें त्याला उमगलेलें असतें. २०१३ सालच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेच्या अहवालानेंहि हेंच सुचविलें होतें. केवळ घोडे काढून नेल्यानें उरलेल्यांना चारा अधिक मिळतो व ते अधिक जोमानें वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. एवढें असूनहि लसीवर होणारा खर्च कोंडवाड्यांच्या मानानें फारच थोडा आहे.

एक उणीव मात्र मान्य करावी लागेल. कॅमेऱ्याला देखणा घोडा आवडतो. १९९५ सालीं प्रायर पर्वतांत जन्मलेल्या एका फिकट रंगाच्या शिंगराचा जिंजर कॅथरेन्स या बाईनें पुढें अनेक वर्षें चित्रपटासाठीं पाठपुरावा केला. ‘क्लाउड’ या नांवानें तो घोडा देशभर प्रसिद्ध झाला आणि त्याच्या कळपाला हजारों कैवारी मिळाले. पण नेवाड्याच्या एकाकी खोऱ्यांत शेंकडों मळकट, ठेंगणे, साधे तांबडे घोडे आहेत. तिकडे जावयाला धड रस्ता नाहीं, म्हणून छायाचित्रकार नाहीं. छायाचित्रकार नाहीं, म्हणून नांव नाहीं. आणि धरपकड झाली तर ती वर्तमानपत्राच्या दोन ओळींत संपते.

कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यांत सँड वॉश नांवाचें खोरें आहे. तेथें पिकासो नांवाचा अबलख वळू होता. तांबूस, काळा व पांढरा असे रंग त्याच्या अंगावर इतके विलक्षण मिसळले होते कीं चित्रकाराचें नांव त्याला सहजच शोभलें. दूरदूरचे लोक त्याला पाहावयास येत. अंगावर जुन्या झुंजींचे वण, उतारवयांत चाल मंद झालेली. तरी त्याचीं चित्रें कमी झालीं नाहींत. नोव्हेंबर २०१९ मध्यें तो शेवटचा दिसला. त्या वेळीं त्याचें वय तीस वर्षांच्या आसपास असावें. त्यानंतर तो कोणाच्याहि भिंगांत आला नाहीं. सप्टेंबर २०२१ मध्यें त्या खोऱ्यांत हेलिकॉप्टरें आलीं आणि सहाशेंहून अधिक घोडे पकडले गेले. थोडेसेच परत सोडण्यांत आले. आतां तेथें जाणारे लोक उरलेल्यांच्या नोंदी करतात, जुन्या चित्रांशीं नवीं ताडून पाहतात. आणि वसंत ऋतूंत एखादें शिंगरूं आईच्या आडून डोकावलें व त्याच्या अंगावर ते तिरंगी ठिपके दिसले, म्हणजे सर्वांचे कॅमेरे एकदम तिकडे वळतात.